पोटातलं रक्त

रक्त तपासायच्या खोलीबाहेर वायरमन बसला होता. मांडीवर त्याची लेक झोपली होती. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरची गोळी तिला आजपासून सुरू व्हायची होती. शेजारी एक सासू आणि तिची सून बोलत होत्या; सुनेचा मुलगा वर्षभर तीच गोळी घेत होता.

“वर्षभरात पोरगं एकदाही कळवळलं नाही. ही गोळी करते तरी काय गं?”

“डॉक्टर म्हणाले, पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं. जन्मल्यावर शरीर हळूहळू ते बनवायचं बंद करतं आणि दुसरं बनवायला लागतं. याचं दुसरं सदोष निघालं.”

“आणि पहिलं?”

“पहिलं चांगलंच होतं. गोळी ते परत सुरू करते.”

“म्हणजे तुझ्या पोटात होता तोवर धडधाकट होता.”

“हो.”

“मग ठेवायचा होतास आणखी थोडे दिवस.”

“नऊ महिने भरले होते, आई.”

“आणि लोक तुझ्या कुशीला नावं ठेवत होते.”

“लोक कुठले? तुम्हीच.”

“अहो दादा, खिशात टेस्टर दिसतोय तुमच्या. बटण बंद केलं म्हणजे वायर जळली, असं नसतं ना?”

“नाही आजी. वायर आत शाबूत असते.”

“बघा, तुमच्या लेकीचीही असेल. ऐकलंस का गं? मी रोज सकाळी त्या गोळीला हात जोडते.”

“बघते ना मी.”

“उद्यापासून मी हात जोडेन, तेव्हा गोळी तू हातात धरत जा.”