‘आय ॲम लेफ्ट’ या मेसेजबाबत

नाव जीवन बहिरू मंडलिक, वय ५१ वर्षे, धंदा राहत्या घरीच स्पोकन इंग्लिशचा क्लास (मालक, प्राचार्य व एकमेव शिक्षक मीच), रा. मखमलाबाद, नाशिक.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी उज्वला हिच्यासह राहतो. मुलगी लग्न होऊन सासरी आहे. घरातले मेसेज इंग्रजीतच करायचे, असा नियम मी केलेला आहे. उज्वलाचे चुकलेले मेसेज मी क्लासमध्ये फळ्यावर लिहून मुलांकडून सुधारून घेतो. मुले हसतात. तीही हसत असावी, असा माझा समज होता.

आज सकाळी ती बचत गटाच्या बायकांबरोबर दोन जीपमधून पेठला गेली. दुपारी तिचा मेसेज आला, ‘आय ॲम लेफ्ट’. वाक्य चुकले आहे हे मी तात्काळ ओळखले. मनातल्या मनात ‘ॲम’ खोडून ‘हॅव’ घातले. मग अर्थ लागला, की मी सोडून गेले. फोन लावला, तो बंद. कपाट उघडून पाहिले. साड्या होत्या, पण मुळात किती होत्या हे मला माहीत नसल्याने काही सिद्ध झाले नाही.

त्यानंतर पोलीस ठाण्यात येऊन, पत्नी घर सोडून गेल्याची तक्रार मी सांगू लागलो. हवालदार ललिता मॅडम यांनी विचारले, “भांडण झालं होतं का?” मी नाही म्हणालो. “मग जीप बंद पडली असेल, अपघात झाला असेल, असं नाही आलं मनात? थेट सोडूनच गेली?”

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर ठेवायला लावला. उज्वला पेठच्या स्टँडवरून कुणाचा तरी फोन घेऊन बोलत होती.

“अहो, कुठंय तुम्ही? माझा मोबाईल बंद पडला. ह्या जीपला वाटलं मी त्या जीपमध्ये, त्या जीपला वाटलं ह्या. एकटीच उरले इथं. मेसेज केला ना!”

“तू लेफ्ट लिहिलंस. लेफ्ट म्हणजे सोडून गेली.”

“उरलं म्हणजे पण लेफ्टच. राईस इज लेफ्ट, भात उरलाय. तुम्हीच शिकवता. स्वयंपाकघरात ऐकू येतं मला सगळं.”

मग तीच म्हणाली, “सोडून जायचं असतं तर मराठीत लिहिलं असतं. तुम्हाला नीट कळावं म्हणून.”

ठाण्यातले सर्वजण हसले. मीही हसलो. नंतर मला बसायला खुर्ची व पाणी देण्यात आले.

माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. मोटारसायकलवर तिला आणायला निघत आहे. जबाब ललिता मॅडमनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, सांगितल्याबरहुकूम आहे. उज्वला स्टँडवर उभी असल्याने सही घाईत केली. वाकडी आली असली तरी ती माझीच आहे.