दक्षिणेकडे तोंड केलेला धबधबा

आजच्या या हृद्य समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या नगराध्यक्षा ओर्नेला बोशे, व्यासपीठावर सर्वांत उबदार जागा पकडून बसलेले आदरणीय पाद्रीबाबा, खालच्या आओस्ता शहरातून एवढ्या थंडीत आलेले मान्यवर पाहुणे, पर्यटन समितीची खुर्ची आज सोडणारे आपले सत्कारमूर्ती श्री. ओस्वाल्दो ग्लारे, आणि आधी जेवण की आधी भाषणं या काळजीत बसलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो,

सेवेरिनो बोलायला उभा राहिला, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मी पडलो बर्फावरचा वाटाड्या. दोरीच्या टोकाला माणूस बांधलेला असला की 'घट्ट धर' आणि 'खाली बघू नकोस', एवढंच माझं वक्तृत्व. पण ग्लारेसाहेबांचं गुणगान थोडक्यात उरकणं बरं नव्हे. म्हणून मी आज वेळ मागून घेतला आहे, आणि तो पुरेपूर वापरणार आहे.

तत्पूर्वी आपली रीत पाळू. मैत्रीचा प्याला फिरू द्या. पाहुण्यांसाठी सांगतो, हा लाकडी प्याला एकदा हातोहात निघाला की रिकामा होईपर्यंत टेबलावर ठेवायचा नाही, आणि तोवर जागेवरून कोणी उठायचंही नाही. सेलेस्तीना, प्याल्यात कॉफी आणि दारू, दोन्ही ओतत राहा गं. कमी पडू देऊ नकोस.

तर, ग्लारेसाहेब. यांनी या खोऱ्यासाठी काय केलं नाही? आमच्याकडे बर्फाच्या भिंती पूर्वीपासून आहेत. हिवाळ्यात ओढे गोठतात, घळी निळ्या पडतात, आणि देशोदेशीची माणसं बुटांना काटे बांधून, दोन्ही हातांत कुऱ्हाडी घेऊन त्यांवर चढायला येतात. आमच्या आजोबांनी त्या भिंतींना साधी नावं दिली होती. एक 'सासूचा दात', एक 'रडकी', एक 'पाद्र्याची टोपी'. साहेबांना ती गावंढळ वाटली. त्यांनी 'सासूचा दात'चा 'स्वर्गाचा जिना' केला. गेली कित्येक वर्षं लोक मला विचारतात, स्वर्गाचा जिना कुठे आहे? मी म्हणतो, सासूच्या तोंडात.

आणि ते माहितीपत्रक! मुखपृष्ठावर साहेब स्वतः बर्फावर लटकलेले, खाली धुकं, चेहऱ्यावर मृत्यूला भेटून आल्याचा भाव. ते छायाचित्र काढताना मी तिथे होतो. साहेब शाळेच्या बाकावर उभे होते. कॅमेरा तिरपा धरला, छायाचित्रातून बाक कापून टाकला. पट्टा मागून मी पकडला होता, कारण बाकावरूनही त्यांना चक्कर येत होती. बर्फाशी साहेबांचा एवढाच संबंध. यापुढे ते मुलीकडे समुद्रकाठी राहणार आहेत, तिथे बर्फ फक्त पेल्यात असतो. तेवढा त्यांना झेपेल.

हसा, हसा. प्याला पुढे द्या.

पण माणसाला आपल्या मागे काहीतरी उरावंसं वाटतं. साहेबांनाही वाटलं. म्हणून यंदा एक नवा गोठलेला धबधबा जन्माला घातला गेला. उद्या सकाळी त्याचं उद्घाटन आहे आणि त्याचं नाव 'ग्लारे' आहे. निसर्गानं दिलेल्या सगळ्या भिंती उत्तरेकडे तोंड करून आहेत, कारण बर्फ सावलीत टिकतो. हे आमच्या शेळ्यांनाही कळतं. साहेबांनी दक्षिणेची भिंत निवडली. मी विचारलं, "साहेब, तिथे दिवसभर ऊन असतं, बर्फ राहणार कसा?" साहेब म्हणाले, "सेवेरिनो, उत्तरेची भिंत हॉटेलच्या खिडकीतून दिसत नाही."

समितीतल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. दिवसा वितळतो तेवढा बर्फ रात्री परत बनवायचा, म्हणजे पाणी लागणार. गावाच्या वरच्या झऱ्यातून भिंतीच्या माथ्यापर्यंत नळी टाकली, फवारे बसवले. साहेबांनीच आम्हाला बजावलं होतं की नळीतलं पाणी क्षणभरही थांबता कामा नये. या थंडीत थांबलं, की घटकाभरात नळी आतून गोठते, आणि मग वसंतापर्यंत तिच्यातून थेंब येत नाही. त्यांनी आयुष्यात सांगितलेली ही एकमेव खरी गोष्ट.

आता तो झरा कोणाचा? नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापासून गुरं कुरणावर जाईपर्यंत त्याचं पाणी गोठ्यांचं, ही पणजोबांच्या वेळची रीत. झऱ्याचं पाणी जिथून वळवतात, त्या चर्चच्या मागच्या चावीघराची चावी दरवर्षी एकेका घराकडे जाते. यंदा पाळी माझ्या बहिणीची, लेओनियाची. नाताळात साहेबांनी ती 'दोन दिवसांसाठी' नेली. तेव्हापासून ती त्यांच्या कोटाच्या खिशात आहे, आणि लेओनियाच्या गोठ्यातली डोणी कोरडी.

लेओनिया चावी मागायला गेली. साहेब म्हणाले, "अगं, एका हिवाळ्याचा तर प्रश्न आहे. बर्फ वितळवून पाज गाईंना."

ती म्हणाली, "ओस्वाल्दो, लहानपणी तू माझ्या आईच्या गोठ्यात दूध प्यायला यायचास. ते दूध काय बर्फ वितळवून यायचं?"

साहेबांनी दार लावून घेतलं.

मंडळी, दहा बादल्या बर्फ चुलीवर चढवला की जेमतेम एक बादली पाणी होतं, आणि तहानलेली गाय ती एका दमात संपवते. लेओनियाची सरपणाची खोली रिकामी झाली. तिची गाय बांदीता, शरदातल्या गाईंच्या झुंजीत राणी ठरलेली, जिच्यासाठी तुम्ही सगळे घसा फुटेस्तोवर ओरडलात, ती आज गाभण आहे आणि तिच्या फासळ्या मोजता येतात. सोमवारी व्यापाऱ्याची गाडी येणार आहे. पाणी नसेल तर सगळी गुरं त्यात चढणार, आणि माझी बहीण रिकाम्या गोठ्यात राहणार. मला याचा संताप येतो. तुम्हाला येत नाही, कारण हॉटेलच्या खिडकीतून गोठा दिसत नाही.

आता हसू थांबलं. असू दे. प्याला फिरतोय ना? साहेब, बसा. रिकामा झालेला नाही अजून. आणि दाराशी टांगलेल्या कोटाकडे बघू नका. चावी चोरीला गेलेली नाही, जिची पाळी तिच्याकडे गेली आहे. ती पाहा, मागच्या रांगेत लेओनिया येऊन बसली आहे, हातमोजे ओले आहेत तिचे. बराच वेळ झाला तिला येऊन. आपण सासूच्या दातावर हसत होतो तेव्हाच आली.

जरा कान द्या. संध्याकाळपासून बाहेर फवाऱ्यांची सूं-सूं चालली होती. येते आहे आता ऐकू?

पाणी गोठ्यात पोचलं. उद्याचं उद्घाटन अवश्य करा, पण मी वाटाड्या म्हणून सांगतो, दुपारनंतर त्या भिंतीखाली कोणी उभं राहू नका. 'ग्लारे' ऊन चढलं की कोसळेल. तेवढंच त्याचं आयुष्य.

सेलेस्तीना, ओतणं पुरे आता, प्याला रिकामा होऊ दे आणि खाली ठेव. अध्यक्षांनी मला मधेच थांबवलं नाही, आणि तुम्ही सर्वांनी रीत पाळून जागा सोडली नाही, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर उदार मनानं पोटात घाला. जास्त झालं हे मला ठाऊक आहे. कमी बोललो असतो, तर नळी गोठली नसती.