प्रिय कटकट्या नेरवाला

चहा होईस्तोर आमच्या पभ्याचं ऐका. लोहाऱ्यात त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान हाय, मागंच घर. गिऱ्हाइकांत राठोड अन् पवार इतके, की ओळख पटावी म्हणून त्यानं कॉम्प्युटरात नावाच्या जागी टोपणनावंच भरलेली. टकल्या राठोड, फेकाड्या मास्तर, अन् नेर गावचा सख्खा सासरा ‘कटकट्या नेरवाला’!

एक दिवस कॉम्प्युटर बसला. सॉफ्टवेअरवाल्यानं फोनवरून कसंबसं सारं परत आणलं अन् म्हणाला, "तपासायला एक मेसेज पाठवून बघा."

मी बाजूलेच होतो. म्हटलं, "दाब ना बे, भेतं काहून?"

त्यानं दाबलं, अन् मेसेज झाडून साऱ्यांले गेला. ‘प्रिय टकल्या राठोड, आपल्या कूलरची सर्व्हिसिंग बाकी आहे.’

पभ्या घामाघूम. "काका, सासरा आता बायकोले माहेरी घेऊन जाते!"

दुपारीच सासरा फटफटीवर हजर. मोबाइल पभ्याच्या नाकापुढं धरून हळूच म्हणते, "जावईबापू, ‘कटकट्या’ म्हणून मले घरात फक्त तुमची सासू हाक मारते. तुमाले कोणं सांगतलं?"

पभ्यानं आत बायकोकडं बोट दाखवलं.

सासऱ्यानं फटफटीले किक मारली. "मंग तिले इथंच ठेवा!"