आणखी एक नदी

मंडळी, ऐका! जखम भरली, खपली पडली — तरी पट्टी किती पिढ्या बांधायची? सांगा! नाही ना सांगता येत? मग कांचनावतीच्या राजाची गोष्ट ऐका.

कांचनावती — केवढं बलाढ्य राज्य! पण पूर्वी एकदा मावळतीकडून शत्रू आला नि नगरी जाळून गेला. पोरंबाळंसुद्धा सोडली नाहीत हो मेल्यानं! तेव्हापासून रीत पडली. नवा राजा गादीवर बसायच्या आधी त्याला जळक्या चौकात दिवसभर उपाशी बसवायचं. भाटानं जळिताची हकीकत सांगायची. आणि राजानं शपथ घ्यायची — "शत्रूच्या आणि नगरीच्या मध्ये आणखी एक नदी घालीन!"

म्हणजे काय? प्रत्येकानं पुढच्या नदीपर्यंतचा मावळतीचा एक मुलूख गिळायचा! पणजोबानं गिळला, आजोबानं गिळला. आणि मुलूख गिळला की पुढं नवा शेजारी, नवी धास्ती! दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, कबूल. पण म्हणून शेजाऱ्याची गाय मारायची? हसू नका!

आता गादीवर आला जैत्रपाल. त्यानंही शपथ घेतली. पण पुढच्या नदीकाठी होतं एक चिमुकलं राज्य, आणि तिथं त्यानं युवराज असतानाच आपली एकुलती एक लेक दिलेली — हेमावती!

लेक धावत माहेरी आली. पाय धरले. "आबासाहेब, आमची फौज ती केवढी! आम्ही कुणाचं काय वाईट केलंय?"

"तुमची भीती नाही गं पोरी. तुमच्या वाटेनं कुणी येईल, त्याची भीती!"

"कोण येणार आहे?"

अहो, नाव असतं तर सांगितलं असतं. "मी शपथ घेतलीय," एवढंच राजा म्हणाला. लेक उठली, डोळे पुसले नि सासरी परत गेली.

फौज निघाली. जावई आडवा उभा राहिला — आणि पडला. गाव पेटलं. राजा घोड्यावरून उतरून बघतो, तर लेक नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली! काळीज फाटलं हो त्या बापाचं. "हेमा, चल बाळ... घरी चल."

तिनं वर पाहिलं. म्हणाली, "आबासाहेब, मावळतीकडं तुमचा वैरी कुणीच नव्हता. आता मी आहे."

मायबापहो, आजोबांच्या भांडणापायी चुलत्याची पायरी न चढणारे या मांडवात किती आहेत? हात वर करू नका, मला तोंडं दिसतायत! त्या घरात आज तुमचा वैरी नसेलही. तो तयार व्हायच्या आत जा. आता घ्या देवाचं नाव — लाज वाटत असेल तर हळू घ्या, पण घ्या.