व्याह्यांच्या राजाला दिलेला शह

...नाही, पण बरोबरी घ्यायला काय झालं होतं मला? तुम्हीच सांगा. मंजिरीला, आमच्या मुलीला, बघायला माणसं आलेली, थेट मँचेस्टरहून, मोटरवेच्या ट्रॅफिकमध्ये रखडत. आता बघायला म्हणजे काय, मुलगा-मुलगी युनिव्हर्सिटीत असल्यापासून एकमेकांना बघतच होते, पण त्र्याण्णव साल उजाडलं, बर्मिंगहॅमला घर झालं, तरी आपल्याकडे पोहे झाल्याशिवाय लग्न ठरतं का? तर मुलाच्या वडिलांना, शशिधररावांना, कोपऱ्यात बुद्धिबळाचा पट दिसला. "होऊन जाऊ दे एक डाव?" आमची यमुना चहाचा ट्रे ठेवता ठेवता कानात, "अहो, आपण मुलीकडचे आहोत. समजलं ना?" समजलं की. मुलीच्या बापानं जिंकायचं नसतं, एवढंही समजत नाही मला?

डाव छान रंगला. शेवटी दोघांचे वजीर आणि एकेक उंट, त्यांचा पांढऱ्या घरांतला, माझा काळ्या. शशिधररावांनी हसत हात पुढे केला, "विरुद्ध रंगाचे उंट, आता कोण कुणाला हरवणार... काय व्याही, बरोबरी?" व्याही म्हणाले हो मला. लग्न ठरलंच होतं तिथे. बरोबरी घ्यायला काय झालं होतं मला?

पण आम्ही पडलो चेस क्लबवाले. वजीर पटावर असताना कसली बरोबरी, तेव्हा तर हल्ला करणाऱ्याची चंगळ असते... त्यांच्या राजाभोवती सगळी काळी घरं मोकळी, आणि त्यांचा उंट तिथे पाऊलसुद्धा टाकू शकत नाही, नुसता बघत राहतो बिचारा. म्हटलं, एकच शह देऊ. मग आणखी एक दिला. मग राजा कोपऱ्यात, आणि "मात" असं इतक्या जोरात ओरडलो की किचनमधलं हसणं बंद. शशिधररावांनी पोहे तसेच ठेवले. राजीव, म्हणजे मुलगा, बूट घालायला लागला. माणसं गेल्यावर मंजिरी जिन्यात बसून रडवेली, "बाबा, you just couldn't stop, तुम्ही माझा लग्न मोडला." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग त्यांचा फोन नाही. यमुना बोलेना. शेवटी मीच केला, माफी मागायला, तर शशिधरराव म्हणतात, "राग कसला? तोच डाव मांडून बसलोय रोज. सगळे या, पुन्हा खेळू."

गेलो. या वेळी वजीर नेऊन त्यांच्या तोंडात दिला. हरलो एकदाचा. त्यांनी शांतपणे सोंगट्या आवरल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लग्नाला आमचा होकार होताच हो. पण मुलीसाठी हरता येतं की तुम्हाला... मग त्या दिवशी बरोबरी घ्यायला काय झालं होतं?"

तर लग्न ठरलं. हॉल बुक झाला, आचारी मिळाला. मुलगी तेवढी अजून माझ्याशी बोलत नाही.