सतरा नंबरचा हुरडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दुधनातीर बीजोत्पादक सहकारी संस्थेचे चेअरमन माननीय बन्सीधरराव रेंगे. व्यासपीठावर विराजमान झालेले आपले माजी व्यवस्थापक आदरणीय दत्तराव होगेसाहेब. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या बियाणे विभागाच्या प्रमुख विजयमालाताई गिराम. त्यांचे यजमान योगीराजभाऊ. मानवत-पाथरी भागातून आवर्जून आलेले सभासद बंधुभगिनी. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे पोत्यांवर बसलेले माझे सहकारी. आपणा सर्वांना संस्थेचा हिशेबनीस सिद्धोधन वाव्हळे याचा सविनय नमस्कार.

ताईंविषयी मी दोन शब्द बोलावेत, असं मला राजेश्रीने सांगितलं. राजेश्री कार्यालयात सर्वांत नवी आणि या समारंभाच्या नियोजनाची प्रमुख. दोन शब्द म्हणजे नेमके किती, असं विचारलं तर म्हणाली, "सर, बाहेर आगटी पेटेपर्यंत बोला. गोवऱ्यांचा निखारा झाला की मी दारातून हात करते." तेव्हा माझं भाषण आज गोवऱ्यांच्या हवाली आहे. त्या ओल्या निघू नयेत, अशी काही लोकांची इच्छा असेल, हेही मला ठाऊक आहे.

कार्यक्रमपत्रिका ज्यांनी नीट वाचली असेल त्यांना एक शंका आली असणार. वर लिहिलंय निरोप समारंभ, आणि ताईंची निवृत्ती आहे महिनाअखेरीला. म्हणजे आज आपण हार घालणार, डोळे पुसणार, आणि उद्या सकाळी ताई नेहमीसारख्या आपल्या टेबलावर बसून विचारणार, "कालचा अहवाल कुठंय?" असा निरोप जगात कुणी देतं का? आपण देतो. कारण आजची तारीख ज्वारीने ठरवली आहे. परवा ताई रानात गेल्या, एक दाणा अंगठ्याने दाबून पाहिला आणि राजेश्रीला म्हणाल्या, "रविवारी ठेव. नंतर न्हाई जमायचं." चेअरमनसाहेबांना रविवारी परभणीला लग्न होतं. त्यांनी ते सकाळी उरकलं आणि ते इथे आले. त्यांच्या कोटावर अजून अक्षता आहेत.

तारखेबाबत आपण एवढे शहाणे कधीपासून झालो, हे नव्या लोकांना माहीत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. दत्तरावसाहेब, आपली परवानगी मी गृहीत धरतो. साहेब मान हलवताहेत. होकाराची की नकाराची, ते इथून नीट दिसत नाही.

साहेब व्यवस्थापक असताना एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथून ते एक विचार घेऊन आले, की एकत्र काम करणारे लोक एकत्र जेवले पाहिजेत. विचार वाईट नव्हता. आमच्याकडे तेव्हा गोदामवाले कार्यालयवाल्यांशी बोलत नसत, ड्रायव्हर गोदामवाल्यांशी बोलत नसत, आणि माझ्याशी पगाराच्या दिवसाखेरीज कुणीच बोलत नसे. साहेबांनी हुरडा पार्टी जाहीर केली. आपली संस्था, आपलं रान, आपली ज्वारी. याहून सोपं काय असणार?

समिती नेमली. समितीने उपसमित्या नेमल्या. सभांवर सभा झाल्या. बॅनर कोणत्या रंगाचा, टोप्या वाटायच्या की उपरणी, संगीत खुर्चीत साहेबांनी भाग घ्यावा का, आणि घेतला तर त्यांना बाद कोण करणार, यावर फार खोल चर्चा झाली. एका सभेत ताई उठून म्हणाल्या, "दाणा बघितला का कुणी?" सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. साहेब अतिशय आदराने म्हणाले, "ताई, तो मुद्दा आपण आयत्या वेळच्या विषयात घेऊ." आणि ताईंकडे शेंगदाण्याच्या चटणीची जबाबदारी देण्यात आली. कृषी पदवीधर बाई, बियाणे विभाग सांभाळणारी, आणि तिला काय? चटणी.

मग तारीख. पहिल्या रविवारी एकाच्या मेव्हण्याचं लग्न. दुसऱ्या रविवारी तेव्हाचे चेअरमन बाहेरगावी. तिसऱ्याला लेखापरीक्षक येणार. प्रत्येक वेळी तारीख एकमताने पुढे ढकलली. अख्खं आयुष्य बियाण्यात घातलेली माणसं आम्ही. शेतकऱ्याला पेरणी दोन दिवस मागे-पुढे झाली तर झापतो. आणि शेतातली ज्वारी आपल्या सभेच्या तारखेपर्यंत थांबून राहील, असा आमचा ठाम समज होता.

अखेर तो रविवार उजाडला. बॅनर लागला, टोप्या आल्या, वांग्याचं भरीत आलं, दही, गूळ, बोरं, सगळं आलं. राखणदार लिंबाजीने आगटी पेटवली आणि पहिलं कणीस चोळून साहेबांच्या हातावर ठेवलं. साहेबांनी दाणे तोंडात टाकले. दाताचा आवाज मी पलीकडून ऐकला. ज्वारी पार निबर झालेली.

"आता काय करायचं वो?" लिंबाजी म्हणाला. "कोंबड्याला टाकावं का?"

एवढी माणसं उन्हात टोप्या घालून उभी, भरीत थंड व्हायलंय, आणि हुरडा नाही. साहेबांची अवस्था माझ्याने बघवेना. त्यांनी फर्मान सोडलं, की शिवार पिंजून काढा, कुठे कवळी ज्वारी दिसते का बघा. लोक चहूकडे पांगले. थोड्या वेळाने ओढ्याकडून आरोळी आली, "सापडली! हितं हाय! लय कवळी हाय!" ओढ्याकाठी एक लहानसा तुकडा उशिरा आलेला होता. त्याच्या कडेला पत्र्याची पाटी ठोकलेली एक खुंटी होती. ती कुणी वाचली नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांना बियाणं पोत्यात ओळखता येतं, उभं ओळखता येत नाही. कणसं मोडली, टोपल्या भरल्या, आणि जळण कमी पडलं तेव्हा ती खुंटीसुद्धा आगटीत गेली.

तो तुकडा काय होता, ते आता सांगतो.

त्याच्या बऱ्याच वर्षं आधी ताई आणि योगीराजभाऊ चारठाण्याला देवळं बघायला गेले होते. देवळं योगीराजभाऊंनी बघितली. ताई मागच्या रानात शिरल्या. तिथे त्यांना एक वेगळंच कणीस दिसलं. त्यांनी ते शेतकऱ्याकडून मागून घेतलं, पदरात बांधलं आणि मानवतला आणलं. मग दर हंगामाला पेरायचं, निवडायचं, पुन्हा पेरायचं. चाचणीत त्याला क्रमांक पडला सतरा. सतरा नंबर दिसायला देखणं. उताऱ्याला, म्हणजे एकरी पिकाला, मात्र दरवर्षी मागे. संचालक मंडळाने ताईंना स्पष्ट सांगितलं होतं, की हा शेवटचा हंगाम. यंदा उतारा दिसला तर ठीक, नाहीतर सतरा नंबर बंद. त्यात राखीव बियाण्याच्या डब्याला पावसाळ्यात किडे लागलेले. म्हणजे सतरा नंबरचं जगात जेवढं बियाणं होतं, तेवढं त्या ओढ्याकाठच्या तुकड्यात उभं होतं.

आणि ते आम्ही मीठ लावून खात होतो.

ताई त्या दिवशी पाथरीकडे एका प्लॉटच्या तपासणीला गेल्या होत्या. चटणीचा डबा घेऊन त्या उशिरा पोचल्या. तोवर मैफल रंगात आलेली. गोदामवाले ड्रायव्हरांना आग्रह करून वाढत होते. माझ्याशीदेखील दोघंजण बोलले. दत्तरावसाहेब खुशीत पुढे आले. "या ताई, या! चारी बाजू हुडकल्या, शेवटी एवढाच तुकडा कवळा सापडला. खाऊन तर बगा, लय गोड हाय!"

ताईंनी विचारलं, "कोणता तुकडा?"

साहेबांनी ओढ्याकडे हात केला. ताई डबा तिथेच ठेवून निघाल्या. परत आल्या तशा त्या आगटीपाशी बसल्या. राखेत पत्र्याची पाटी पडली होती, ती त्यांनी काडीने ओढून काढली. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. खाणाऱ्यांचे हात थांबले.

"सतरा नंबर खाल्लात तुमी," ताई म्हणाल्या. आणि रडल्या. सगळ्यांसमोर, तोंड न झाकता रडल्या. मग डोळे पुसून साहेबांना म्हणाल्या, "पलीकडं हरभऱ्याची चाचणी हाय. ती कामून सोडली? तीबी भाजायची. तीबी आयत्या वेळच्या विषयात घ्यायची!"

साहेबांनी टोपी काढून हातात धरली. अशा प्रसंगी माणसाने काय बोलावं, ते त्या प्रशिक्षणात शिकवलं नसावं. लिंबाजीने मात्र सवयीने एक कणीस चोळलं होतं, ते त्याच्या हातात तसंच राहिलं होतं. ताईंनी त्याच्यापुढे हात केला. त्याने घाबरत घाबरत मूठभर हुरडा त्यांच्या हातावर घातला.

त्या खायला लागल्या. सावकाश चावत होत्या, कुणाकडे न बघता. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं याची उंची मोजली, वजन केलं, कीड बघितली. खाऊन कधी बघितला न्हवता."

आता हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. पण आपल्या संस्थेत बियाणं खायचं नसतं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. ताईंनी तो इतका पाळला होता, की आपण काय तयार करतोय त्याची चवच त्यांना माहीत नव्हती. त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मग एकेकाला उभं करून विचारायला सुरुवात केली. "खरं सांग. कसा हाय?" भीतीपोटी सगळे खरं बोलले. असा हुरडा जन्मात खाल्ला नव्हता. गोड, दूधभरला, चोळताना कोंडा पट्‌कन सुटणारा, आणि बाकीची ज्वारी निबर झाल्यावरही कवळा राहणारा. उताऱ्यात मागे पडायचं कारणही तेच असावं. एवढी वर्षं आपण त्याला भाकरीच्या मापाने मोजत होतो.

तुकड्यात ओढ्याच्या अंगाला काही कणसं उरली होती. फारच कच्ची म्हणून कुणी मोडली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून योगीराजभाऊ गोफण घेऊन तिथे बसले. दुपारी भाऊ जेवायला गेले, की दत्तरावसाहेब बसायचे. व्यवस्थापकांच्या सहीची कागदपत्रं मी ओढ्यावर घेऊन जात असे. साहेबांची गोफण चालवण्याची तऱ्हा पाहून पाखरं आधी घाबरली नाहीत, नंतर मात्र त्यांना बरीच दूर दूर ठिकाणी दगड पडताना दिसले असावेत, त्यामुळे ती बुचकळ्यात पडून निघून गेली. कणसं पिकली. सतरा नंबर वाचला.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत ताई उताऱ्याचे आकडे घेऊन गेल्याच नाहीत. त्यांनी बाहेर आगटी पेटवली आणि संचालकांना मैदानात बोलावलं. मंजुरी तिथेच मिळाली, तोंडं भरलेली असल्यामुळे निव्वळ मान हलवून. मंडळाला त्याला भारदस्त नाव द्यायचं होतं. ताई म्हणाल्या, "सतराच म्हणा." आज सेलूच्या रस्त्याला, पाथरीच्या रस्त्याला हुरड्याचे मांडव लागतात. आपल्या विक्रीच्या खिडकीवर शेतकरी येतो आणि विचारतो, "सतरा हाय का?" आणि तेव्हापासून आपल्या स्नेहमेळाव्याची तारीख कुठलीही समिती ठरवत नाही.

राजेश्रीने हात केला. निखारा झाला आहे.

मी मोजून-मापून बोलणारा माणूस आहे, कौतुक मला फारसं जमत नाही. एवढंच सांगतो, की ताई जाणार याचं मला फार वाईट वाटतंय. आज सकाळी मी रानात गेलो, तर ताई राजेश्रीला सोबत घेऊन ओढ्याकाठी उभ्या होत्या. दोन ओळींच्या कडेला त्यांनी नवी खुंटी ठोकली होती आणि राजेश्रीला सांगत होत्या, "या ओळी बियाण्याच्या. मी नसताना सतराला तूच राख." पोरीने मान हलवली. मग ताईंनी ती जुनी, आगटीतून काढलेली काळी पाटी पिशवीतून बाहेर काढली आणि त्याच खुंटीला बांधली. मी लांबूनच परत फिरलो.

अध्यक्षांनी वेळ दिला, दत्तरावसाहेबांनी स्वतःची फजिती हसत ऐकून घेतली, लिंबाजीने गोवऱ्या जरा उशिराने पेटवल्या, या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर उदार मनाने माफ करावं. चला, हुरडा खायला चला. मात्र ओढ्याकडच्या त्या दोन ओळींना कुणी हात लावला, तर त्याला माफी नाही. ताई उद्या कामावर आहेत, आणि त्यानंतर राजेश्री आहे.