तिसऱ्या मजल्यावरची ओली कुंडी

...आणि वर मलाच म्हणतात, "ताई, तुमच्यामुळे अख्खी भिंत वाळली!" आता तुम्हीच सांगा, आठ मजल्यांची भिंत मी एकटी कशी वाळवणार? मी काय ऊन आहे?

थांबा, नीट सांगते. आमची इमारत नव्या पद्धतीची. बाहेरच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत वेली, म्हणून आत गारवा, आणि बाकी सगळं आपोआप! ऊन चढलं की पडदे सरकतात, माणूस खोलीबाहेर पडलं की दिवा विझतो. घर दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही फक्त राहायचं हो, घराला सगळं कळतं!"

कळतं ना. पण सासूबाईंचं काय? जन्मभर राबलेली बाई. पडदा ओढायला उठल्या, तर तो आधीच सरकलेला. दिवा घालवायला गेल्या, तर विझलेला! "माझ्यावाचून इथे काय अडलंय?" म्हणायच्या आणि अर्धं जेवून उठायच्या. मग एका सकाळी भाजी धुतलेलं पाणी पातेल्यातून गॅलरीत नेलं आणि वेलीच्या कुंडीत ओतलं. मग रोजच. वेलीशी बोलायला लागल्या, पोटभर जेवायला लागल्या, माझ्यावर ओरडायलासुद्धा लागल्या! म्हटलं, चला, बरं वाटतंय म्हणायचं.

आणि इकडे साऱ्या इमारतीच्या वेली पिवळ्या! इंजिनियर आले, आमच्या कुंडीत वाकून बघतात तर काय... "ताई, माती ओली की कोरडी ते सांगणारा सेन्सर आठ मजल्यांत एकच, आणि तो तुमच्या कुंडीत! तो रोज म्हणतो ओलं आहे, मशीन पाणी सोडतच नाही. उद्यापासून हे पाणी ओतणं बंद, नाहीतर कुंडीला जाळी ठोकतो."

घराला सगळं कळतं, मग एवढं पातेलं कळू नये? आणि सासूबाईंना हे सांगायचं कुणी? हे पेपरातून म्हणाले, "तूच सांग, तुझं ऐकते ती." कधी ऐकलंय हो?

शेवटी इंजिनियरांना चहा दिला, हात जोडले. "दादा, सेन्सर हलवा, पण त्यांचं पातेलं थांबवू नका." भला माणूस! सेन्सर सातव्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेला, भिंत हिरवी झाली, मी सुटले.

पंधरा दिवसांत पुन्हा पिवळी! हिरव्या कुंड्या दोनच, आमची आणि आजोबांची. मी आणि इंजिनियर वर गेलो तर आजोबा पातेलं घेऊन उभे! "अहो, वेल पुन्हा हिरवी झाली तेव्हा तुमच्या सासूबाईच लिफ्टमध्ये म्हणाल्या, रोज पाणी घाला, जिवाला बरं वाटतं. आणि खरंच वाटतं हो!"

आता सेन्सर आठव्या मजल्यावर जाणार आहे. काल सासूबाई भाजी धुता धुता विचारतात, "आठव्यावर कोण राहतं गं?"

म्हटलं, "घरालाच विचारा. त्याला सगळं कळतं."